प्लाक पडत नाही, तर फेज अडला कुठे? ई. कोलायच्या जनुकांपर्यंत पोचण्याची रीत

एखाद्या जीवाणूवर फेज, म्हणजे जीवाणूंना संसर्ग करणारा विषाणू, चालत नाही एवढंच कळलं, तर फार काही कळलेलं नसतं. फेज पेशीला चिकटलाच नसेल. चिकटला असेल, पण डीएनए आत गेला नसेल. आत गेलेला डीएनए तिथेच कापला गेला असेल. किंवा सगळं सुरळीत होऊनही नकला काढायला लागणारं यजमानाचं एखादं प्रथिन मिळालं नसेल. प्लेटवर चारही प्रकार सारखेच दिसतात, जीवाणूंचा थर अखंड आणि प्लाक (फेजने पेशी फोडल्यावर थरात पडणारा साफ ठिपका) एकही नाही. म्हणून आधी अडण्याची पायरी शोधायची, जनुक त्यानंतर. थेट सिक्वेन्सिंगला पैसे घालणारे बहुधा उत्परिवर्तनांच्या यादीपाशी अडकतात, कारण यादीतलं कुठलं कामाचं हे ठरवायला त्यांच्या हाती दुसरं काही नसतं.

इथे उदाहरणाला ई. कोलाय के-१२ आणि त्याचे जुने फेज घेतले आहेत : टी-४, टी-५, टी-६, टी-७ आणि लॅम्डा. त्यांचे बहुतेक रिसेप्टर (पेशीवरचा ज्या रेणूला फेज चिकटतो तो) माहीत आहेत, त्यामुळे आपली पद्धत बरोबर चालते आहे का हे ताडून बघता येतं. नाल्यातून किंवा सांडपाण्यातून मिळवलेल्या नव्या फेजला हीच रीत लावता येते, फक्त आधी ओळखीच्या फेजवर हात बसलेला असावा.

स्ट्रेन निवडताना

मूळ स्ट्रेन म्हणून बीडब्ल्यू २५११३ सोयीचा. २००६ साली जपानमध्ये पूर्ण झालेल्या केइओ संग्रहाचा हा जनक. या संग्रहात ३,९८५ जनुकं एकेक करून काढून टाकलेले म्युटंट आहेत आणि प्रत्येकात त्या जागी कॅनामायसिन-प्रतिरोधाची कॅसेट बसवलेली आहे. सोबत के-१२ चाच एमजी १६५५ हा स्ट्रेन हवाच. बीडब्ल्यू २५११३ मध्ये एचएसडी-आर हे जनुक बिघडलेलं आहे, म्हणजे के-१२ चं परका डीएनए कापणारं एन्झाइम त्यात चालत नाही. मात्र डीएनएवर 'आपला' अशी मिथाइलची खूण करणारा भाग शाबूत आहे. त्यामुळे संपूर्ण केइओ संग्रह चाळला तरी डीएनए कापण्यातून येणारा प्रतिकार दिसणार नाही. स्ट्रेनचा जीनोटाइप (त्यातल्या जनुकीय बदलांची नोंद) न वाचता प्रयोग सुरू केला की महिनाभराने ही गोष्ट लक्षात येते.

साधे स्ट्रेन पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएम संग्रहात किंवा चंडीगडच्या एमटीसीसीत विचारता येतात. मागवताना जीनोटाइप लेखी घ्या. नुसतं 'के-१२' लिहिलेली नळी या कामाला पुरेशी नाही.

टी-१ शक्यतो लॅबमध्ये आणूच नका. हा फेज कोरडेपणात टिकतो, हवेतल्या तुषारांबरोबर पसरतो आणि पुढे शेजारच्या बाकावरची ई. कोलायची कल्चर अचानक फुटायला लागतात. त्याच्या जागी टी-५ आणि फाय-८० या फेजची जोडी वापरली तर तीच माहिती मिळते. कशी, ते पुढे येईलच. लॅम्डाचा विरुलंट प्रकार घ्या. साधा लॅम्डा काही पेशींत झोपून राहतो आणि त्या पेशी नव्या लॅम्डाला दाद देत नाहीत. मग जनुक बिघडलेलं नसतानाही म्युटंट सापडल्यासारखं वाटतं.

माध्यम : मिठाकडे आणि साखरेकडे लक्ष

एलबी नेहमीचंच : लिटरला ट्रिप्टोन १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम. खालच्या थरासाठी लिटरमागे १५ ग्रॅम अगार, वरच्या मऊ थरासाठी ६ ग्रॅम. ९० मिलिमीटरच्या प्लेटला खालचा थर २० ते २५ मिलिलिटर, वरचा ३ ते ४ मिलिलिटर.

बाजारात मिळणाऱ्या एलबीच्या एका प्रकारात मीठ निम्मंच, ५ ग्रॅम असतं. टी-४ के-१२ वर चिकटताना ओम्प-सी हे बाह्य पटलातलं प्रथिन वापरतो आणि माध्यमाचा ऑस्मोटिक दाब कमी झाला की पेशी ओम्प-सी कमी आणि ओम्प-एफ जास्त बनवते. म्हणजे डबा बदलला तरी टी-४ चे आकडे हलू शकतात. एकाच तुलनेतल्या सगळ्या प्लेट एकाच डब्यातल्या, एकाच दिवशी ओतलेल्या असाव्यात.

लॅम्डासाठी कल्चर ०.२ टक्के माल्टोज आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट घालून वाढवा. लॅम्डाचा रिसेप्टर लॅम-बी हे मुळात माल्टोज आत घेणारं प्रथिन आहे, माल्टोज असल्यावरच ते भरपूर बनतं. ग्लुकोज चुकूनही नको, त्याने हे जनुक दबतं आणि धडधाकट मूळ स्ट्रेनही प्रतिरोधक भासतो. टी-५ ला १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड लागतं.

फेज पातळ करायला एसएम बफर : लिटरला मीठ ५.८ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्याचं) २ ग्रॅम, ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.५, जिलेटिन ०.१ ग्रॅम. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ केलेल्या फेजचा टायटर (मिलिलिटरमधल्या, प्लाक पाडणाऱ्या फेजची संख्या) मॅग्नेशियमअभावी घसरू शकतो.

पायरी १ : फेजचा साठा

एकाच प्लाकपासून सुरुवात करा. तो टोचून घ्या, पुन्हा प्लेटवर पसरवा, असं तीनदा. मग १० मिलिलिटर कल्चर ओडी (प्रकाश अडवण्यावरून मोजलेला गढूळपणा) ०.३ पर्यंत वाढवा. त्यात साधारण अडीच अब्ज पेशी असतात. शंभर पेशींमागे एक या हिशेबाने अडीच कोटी फेज घालून ३७ अंशांवर हलवत ठेवा. टी-७ तासा-दोन तासांत नळी लख्ख करतो. टी-४ मात्र वेळकाढूपणा करतो : आधीच संसर्ग झालेल्या पेशीवर आणखी टी-४ येऊन आदळले की पेशी फुटणं लांबतं. कल्चर गढूळच राहिलं म्हणून फेज वाढला नाही असं समजू नका. तीन-चार तासांनी क्लोरोफॉर्म घातला की ते फुटतं.

क्लोरोफॉर्म १०० मायक्रोलिटर, दहा मिनिटं, मग ४,००० जी वर २० मिनिटं सेंट्रिफ्यूज. वरचं पाणी तळाचा क्लोरोफॉर्म न ढवळता काढा आणि ०.२२ मायक्रॉनमधून गाळा. नळी काचेची किंवा पॉलिप्रॉपिलीनची हवी, पॉलिस्टायरीन क्लोरोफॉर्मने विरघळतं. नवा, अनोळखी फेज असेल तर आधी थोड्या साठ्यावर क्लोरोफॉर्म सोसतो का ते बघा. तंतूसारखे एम-१३ जातीचे आणि चरबीचं पटल असलेले फेज त्याने मरतात.

साठा ४ अंशांवर ठेवा. नळीवर फेजचं नाव, तारीख आणि टायटर यांच्याबरोबरच तो कुठल्या स्ट्रेनवर वाढवला हेही लिहा. पाचव्या पायरीचा सगळा खेळ या नोंदीवर आहे.

पायरी २ : थेंब टाकून पहिली चाचणी

रात्रभर वाढवलेलं कल्चर १५० मायक्रोलिटर घेऊन ४५ ते ४८ अंशांवर ठेवलेल्या मऊ अगारमध्ये मिसळा आणि प्लेटवर ओता. अगार ५० अंशांच्या वर असेल तर पेशी मरून थर विरळ येतो, ४२ च्या खाली गेला तर गुठळ्या होतात. १५ मिनिटं घट्ट होऊ द्या. फेज दहा-दहा पट पातळ करत आठ नळ्या तयार करा आणि प्रत्येकीतला ५ मायक्रोलिटरचा थेंब मूळ स्ट्रेनच्या आणि म्युटंटच्या प्लेटवर टाका. थेंब जिरेपर्यंत प्लेट हलवू नका. प्लेट ओल्या असतील तर थेंब एकमेकांत मिसळतात. त्यासाठी खालचा थर ओतल्यावर झाकण किंचित सरकवून लॅमिनार हूडमध्ये २० मिनिटं सुकवून घेतलेला बरा.

केइओ म्युटंट कॅनामायसिनमध्ये वाढवतात म्हणून प्लेटमध्येही ते घालायची सवय असते. इथे घालू नका. मूळ स्ट्रेन त्यात उगवणारच नाही आणि मग तुलना कशाशी करणार?

आता वाचन. सर्वांत दाट थेंबाखाली थर साफ झालेला दिसला, की 'फेज चालतो' असं वहीत लिहायची घाई होते. थांबा. टी-४ सारखे फेज एका पेशीवर एकदम शेकड्याने आदळले तर पेशी बाहेरूनच फुटते, आत एकही नवा फेज न बनता. साठ्यातले कोलिसिन (जीवाणूंनीच बनवलेली मारक प्रथिनं) आणि उरलेला क्लोरोफॉर्मही असाच डाग पाडतात. पातळ करत गेल्यावर सुटे, मोजता येतील असे प्लाक दिसले तरच संसर्ग झाला असं मानायचं. दाट थेंबाखाली डाग आणि पुढच्या थेंबांत काहीच नाही, याचा अर्थ उत्पादक संसर्गाचा पुरावा मिळाला नाही.

पायरी ३ : ईओपी काढणं

ईओपी म्हणजे म्युटंटवरचा टायटर भागिले मूळ स्ट्रेनवरचा टायटर. यासाठी थेंब नव्हे, पूर्ण प्लेट वापरा : फेजचं ठरलेलं डायल्यूशन १०० मायक्रोलिटर आणि कल्चर १५० मायक्रोलिटर मऊ अगारमध्ये एकत्र. ३० ते ३०० प्लाक असलेल्या प्लेटच मोजा. समजा दहा लाख पट पातळ केलेल्या नळीतून ०.१ मिलिलिटर घेऊन ८४ प्लाक आले, तर टायटर मिलिलिटरला ८४ कोटी. प्रत्येक स्ट्रेनच्या किमान तीन वेगळ्या कल्चरवर हे करा. एकाच कल्चरच्या तीन प्लेट म्हणजे तीन पुनरावृत्त्या नव्हेत.

एकही प्लाक आला नाही तर 'शून्य' लिहू नका, मोजमापाची मर्यादा लिहा. मिलिलिटरला १ अब्ज फेज असलेल्या साठ्याच्या ५ मायक्रोलिटर थेंबात ५० लाख फेज असतात. म्हणजे त्या प्लेटवर आपण ५० लाखांत एक इतपतच बघू शकतो, त्यापलीकडचं नाही.

ईओपी १ च्या आसपास पण प्लाक बारीक किंवा धूसर असतील, तर तीही नोंद करा. फेज आत जातो, पण नंतरची एखादी पायरी मंद आहे किंवा एका पेशीतून निघणारे फेज कमी झाले आहेत, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ. ईओपी दहा हजारात एक असेल तर प्लाक पाडणारे ते मोजके फेज टोचून ठेवा. ते म्युटंट आहेत की नुसते वाचलेले, हे पुढे तपासायचं आहे.

पायरी ४ : चिकटतो की नाही

सगळ्यांत जास्त माहिती देणारी आणि सगळ्यांत जास्त टाळली जाणारी चाचणी हीच. तासाभराचं काम आहे, पण हात वेगाने चालावा लागतो.

कल्चर ओडी ०.२५ ला आणा, म्हणजे मिलिलिटरला साधारण २० कोटी पेशी. ओडीवर विसंबू नका, एकदा प्लेटवर पसरवून कॉलन्या मोजा, कारण काही म्युटंटच्या पेशींचा आकार वेगळा असतो आणि ओडी फसवतो. १० मिलिलिटर कल्चर ३७ अंशांवर ठेवून त्यात मिलिलिटरला २० लाख फेज पडतील असा साठा घाला. दुसऱ्या नळीत पेशींशिवाय नुसतं माध्यम आणि तितकेच फेज, हा आपला सुरुवातीचा आकडा. आधीच बर्फात मांडून ठेवलेल्या नळ्यांमध्ये ९५० मायक्रोलिटर गार एसएम आणि ५० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म असावा. ०, १, २, ४ आणि ६ मिनिटांनी ५० मायक्रोलिटर काढून त्यात टाका, व्हॉर्टेक्स करा. क्लोरोफॉर्मने पेशी फुटतात, आत गेलेला फेज प्लाक पाडायच्या लायकीचा राहत नाही आणि फक्त बाहेर मोकळे राहिलेले फेज मोजले जातात.

नमुना इथेच वीस पट पातळ झालेला असतो. शून्य मिनिटाचा नमुना आणखी शंभर पट पातळ करा, शेवटचे दोन दहा पट आणि तसेच, अशा दोन्ही रीतींनी प्लेटवर घाला.

वेळ का पाळायची? पेशीत नवे फेज तयार व्हायला लागले की क्लोरोफॉर्म त्यांनाही बाहेर काढतो आणि मोकळ्या फेजचा आकडा पुन्हा चढतो. टी-७ फार घाईचा आहे, त्याच्या बाबतीत सहा मिनिटांपुढे जाऊ नका. लॅम्डा सावकाश चिकटतो आणि सावकाश वाढतो, त्याला १५ मिनिटं देता येतात.

हिशेब असा : २.३ ला पेशींची संख्या गुणिले मिनिटं याने भागा आणि सुरुवातीचे फेज भागिले उरलेले फेज याच्या दहाच्या पायावरच्या लॉगने गुणा. २० कोटी पेशी, ५ मिनिटं, दहातला एक फेज उरला, तर उत्तर २.३ गुणिले १० चा उणे ९ वा घात, एकक मिलिलिटर प्रति मिनिट. टी-४ साठी हे अगदी अपेक्षित मूल्य आहे. म्युटंटमध्ये मोकळे फेज सहा मिनिटांनीही तितकेच राहिले तर रिसेप्टर गेला. मूळ स्ट्रेनइतकेच घटले तर रिसेप्टरवर वेळ घालवू नका, अडथळा आत आहे.

मधला प्रकारही असतो. फाय-८० आणि टी-१ हे एफएचयू-ए नावाच्या, लोह आत घेणाऱ्या प्रथिनावर बसतात, पण कायमचं चिकटायला त्यांना टॉन-बी हे प्रथिन लागतं, जे आतल्या पटलाची ऊर्जा बाहेरच्या पटलापर्यंत पोचवतं. टॉन-बी नसलेल्या पेशीवर फेज बसतो आणि पातळ करताच सुटून येतो. टी-५ चा रिसेप्टरही एफएचयू-एच, पण त्याला टॉन-बीची गरज नाही. म्हणून टी-५ आणि फाय-८० दोन्ही अडले तर एफएचयू-ए, फाय-८० अडला पण टी-५ चालला तर टॉन-बी. टी-१ ला हात न लावता उत्तर मिळालं.

पायरी ५ : चिकटतो, पण प्लाक नाही

इथे तीन शक्यता वेगवेगळ्या तपासायच्या.

पहिली, डीएनए कापला जातो आहे. लॅम्डा घेऊन हे स्वच्छ दिसतं. डीएनएवर के-१२ सारखी 'आपला' ही खूण न करणाऱ्या ई. कोलाय सी या स्ट्रेनवर लॅम्डा वाढवा आणि एमजी १६५५ वर टाका. ईओपी साधारण दहा हजारात एक इतका कोसळतो. जे प्लाक आले त्यातला एक टोचून एमजी १६५५ वरच वाढवा, त्या साठ्याचा ईओपी १ होतो. आता तोच साठा एकदा ई. कोलाय सी वर फिरवून आणा, ईओपी पुन्हा खाली. असा मागे-पुढे होणारा बदल उत्परिवर्तनाचा नसतो, डीएनएवरच्या मिथाइलच्या खुणेचा असतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हे कोडं नोंदवलं गेलं, व्हेर्नर आर्बर यांच्या कामातून ते सुटलं आणि १९७८ च्या नोबेलपर्यंत पोचलं.

साठा चुकून बीडब्ल्यू २५११३ वर वाढवला असेल तर हा प्रयोग काहीच दाखवणार नाही, कारण तो स्ट्रेन कापत नसला तरी खूण करतो. नळीवर यजमान लिहायला सांगितलं ते यासाठी. टी-४ आणि टी-७ इथे उपयोगाचे नाहीत : टी-४ चा डीएनए बदललेल्या, ग्लुकोज चढवलेल्या सायटोसिनचा असतो आणि टी-७ आत शिरताच ओसीआर नावाचं प्रथिन बनवून ते एन्झाइम अडवतो.

दुसरी शक्यता, यजमानाचं एखादं प्रथिन कमी पडतं आहे. टीआरएक्स-ए (थायोरेडॉक्सिन या प्रथिनाचं जनुक) नसलेल्या पेशीला टी-७ व्यवस्थित चिकटतो, डीएनएही आत सोडतो, पण प्लाक पाडत नाही. टी-७ चं डीएनए पॉलिमरेज यजमानाचं थायोरेडॉक्सिन सोबत घेतल्याशिवाय साच्याला धरून लांबवर जाऊ शकत नाही. सीएमके या जनुकाचंही तसंच, ते गेलं तर टी-७ वाढत नाही. लॅम्डाला नकला काढताना डीएनएके, डीएनएजे आणि जीआरपी-ई लागतात, तर डोकं बांधताना ग्रो-ईएल. शिवाय लॅम्डाचा डीएनए आतल्या पटलातून जाताना मॅन-वाय आणि मॅन-झेड या साखर वाहणाऱ्या प्रथिनांची मदत घेतो. हे म्युटंट अधिशोषणात, म्हणजे चिकटण्याच्या चाचणीत, निर्दोष दिसतात आणि ईओपीत मार खातात.

तिसरी, पेशी स्वतः मरून फेजला अडवते. ओळखायला वाढीचा आलेख काढा : ९६ खाचांची प्लेट, दर खाचेत २०० मायक्रोलिटर, एकीकडे वीस पेशींमागे एक फेज, दुसरीकडे पेशीमागे पाच, दर दहा मिनिटांनी ओडी. पहिल्यात कल्चर तगतं आणि दुसऱ्यात कोसळतं, असं दिसलं तर आत्मघाती संरक्षणाचा संशय रास्त. रिसेप्टर गेलेला म्युटंट दोन्हीकडे सारखाच वाढत राहतो.

पायरी ६ : प्रतिरोधक म्युटंट स्वतः मिळवणं

केइओ हाताशी नसेल, किंवा के-१२ सोडून दुसरा स्ट्रेन असेल, तर हाच मार्ग. १९४३ साली लुरिया आणि डेलब्रुक यांनी ई. कोलाय बी आणि टी-१ घेऊन दाखवलं की प्रतिकाराची उत्परिवर्तनं फेज भेटण्याआधीच कल्चरमध्ये होऊन गेलेली असतात. व्यवहारात याचा अर्थ, एका नळीतून दहा प्रतिरोधक कॉलन्या उचलल्या तर त्या दहाही एकाच पेशीची पिल्लं असू शकतात. दहा वेळा सिक्वेन्सिंग, उत्तर एकच.

म्हणून रात्रभराचं कल्चर दहा लाख पट पातळ करून त्यातलं १०० मायक्रोलिटर, म्हणजे दोन-तीनशे पेशी, दहा वेगवेगळ्या नळ्यांत घाला. प्रत्येकीत १ मिलिलिटर एलबी. वाढल्यावर प्रत्येकीतून सुमारे १० कोटी पेशी आणि १ अब्ज फेज एकत्र करा, दहा मिनिटं थांबा, प्लेटवर पसरवा. २४ तासांनी बघा, मग ४८ तासांनी. एका नळीतून एकच कॉलनी घ्यायची. अगदी वेगळी दिसणारी असेल तरच दुसरी.

कॉलनी तीनदा स्ट्रीक करून शुद्ध करा. मग तिचं कल्चर क्लोरोफॉर्म घालून, सेंट्रिफ्यूज करून, वरचं पाणी मूळ स्ट्रेनच्या थरावर टाका. डाग पडला तर फेज अजून चिकटून आहे, पुन्हा स्ट्रीक करा. चिकट, थबथबीत कॉलन्या वेगळ्या काढा. त्यात बहुधा आरसीएस यंत्रणेतला बदल होऊन कोलॅनिक आम्लाचं आवरण वाढलेलं असतं. ते सगळ्याच फेजना थोडंफार अडवतं, विशिष्ट रिसेप्टरबद्दल काही सांगत नाही.

आता शुद्ध म्युटंट घेऊन सगळ्या फेजचे थेंब टाका. सिक्वेन्सिंगच्या आधीच बरंचसं उत्तर इथे मिळतं :

- फक्त टी-६ अडला : टीएसएक्स.
- टी-४ अडला, टी-७ चालतो : ओम्प-सी, किंवा त्याला चालवणारी ओम्प-आर, एन्व्ह-झेड.
- टी-७ अडला, टी-४ सुद्धा अडखळतो : लिपोपॉलिसॅकराइडचा (बाह्य पटलावरच्या साखर-चरबीच्या रेणूचा) गाभा बनवणारी डब्ल्यूएए जनुकं. खात्रीसाठी पित्तक्षार असलेल्या मॅकॉन्की प्लेटवर लावा. गाभा खोलवर तुटलेले म्युटंट पित्तक्षारांपुढे टिकत नाहीत.
- टी-७ अडला, बाकी सगळे नेहमीसारखे आणि मॅकॉन्कीवर वाढ उत्तम : अधिशोषण मोजा, टीआरएक्स-ए किंवा सीएमके असू शकतं.
- फक्त लॅम्डा अडला : माल्टोज घातलेल्या मॅकॉन्कीवर लावा. पांढरी, म्हणजे माल्टोज न वापरणारी, कॉलनी आली तर माल-टी, म्हणजे लॅम-बी चालू करणारं जनुकच गेलं. लाल आली तर लॅम-बी स्वतः, कारण प्लेटवर माल्टोज भरपूर असतं आणि ते इतर पोरिनमधूनही (बाह्य पटलात छिद्रं करणाऱ्या प्रथिनांमधूनही) आत झिरपतं.

पायरी ७ : सिक्वेन्सिंग, आणि सिद्ध करणं

जीनोम सुमारे ४६ लाख बेसचा. शंभर पट वाचन पुरे, म्हणजे नमुन्यामागे ४६ कोटी बेस. आपल्याच लॅबमधल्या मूळ स्ट्रेनचंही सिक्वेन्सिंग करा. फ्रीझरमधला स्ट्रेन डेटाबेसमधल्यासारखा असेलच असं नाही. ब्रेसेक हे मोफत सॉफ्टवेअर बरं, कारण ते एकेका बेसच्या बदलांबरोबर उडी मारून बसलेले आयएस तुकडेही पकडतं. फेज-प्रतिरोधक म्युटंटमध्ये आयएस घुसून जनुक तुटणं नेहमीचं आहे आणि फक्त एकबेसी बदल शोधणाऱ्या पद्धतीला ते दिसत नाही. 'काहीच उत्परिवर्तन सापडलं नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

सापडलेलं जनुक परत दिल्यावर फेज पुन्हा चालला पाहिजे. त्याशिवाय दावा करू नये. के-१२ च्या जवळपास प्रत्येक जनुकाचा प्लास्मिड असलेला एएसकेए संग्रह यासाठी आहे, क्लोरॅम्फेनिकॉल २५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. आयपीटीजी (प्लास्मिडवरचं जनुक चालू करणारं रसायन) शून्यापासून सुरू करा, गळतीतून बनणारं प्रथिनही अनेकदा पुरतं. बाह्य पटलातलं प्रथिन भरमसाट बनवलं तर पेशी आजारी पडते आणि फेजचे आकडे वेगळ्याच कारणाने घसरतात. आणखी एक अडचण : एएसकेएच्या प्रथिनांना पुढच्या टोकाला हिस्टिडिनचा जोड आहे. बाहेर पाठवायच्या प्रथिनाची पाठवणीची खूणही त्याच टोकाला असते, त्यामुळे जोड आड येऊ शकतो. लॅम-बी, एफएचयू-ए यांच्यासाठी जोडाशिवायचं जनुक कमी प्रतींच्या प्लास्मिडवर घातलेलं उत्तम. रिकामा प्लास्मिड घातलेला म्युटंट सोबत हवाच.

केइओ म्युटंट वापरत असाल तर पीसीआरने खात्री करा. काही म्युटंटमध्ये जनुकाची दुसरी प्रत शिल्लक असते, काही खाचांत शेजारचा म्युटंट मिसळलेला असतो. कॅसेट सुमारे १,३०० बेसची. लॅम-बी सुमारे १,३४०. दोन्ही बाजूंचे प्रायमर लावून जेलवर बघितलं तर मूळ आणि म्युटंट एकाच उंचीवर दिसतील. अशा वेळी एक प्रायमर कॅसेटच्या आतला घ्या. कॅसेटमुळे पुढचं जनुक बिघडलं असेल अशी शंका आली तर पीसीपी-२० प्लास्मिडने ती काढून टाका : ३० अंशांवर अँपिसिलिनमध्ये वाढवा, मग ४२ अंशांवर प्लास्मिड घालवा. पी-१ या फेजने जनुक दुसऱ्या स्ट्रेनमध्ये न्यायचं असेल तर लक्षात ठेवा, पी-१ स्वतः लिपोपॉलिसॅकराइडवरच चिकटतो. गाभा तुटलेला म्युटंट यजमान म्हणून घेतला तर हाती काही लागणार नाही.

पायरी ८ : सगळी जनुकं एकदम

केइओ ९६ खाचांच्या प्लेटमध्ये असतो, म्हणून चाळणी तशीच करा. रात्रभराच्या प्लेटमधून पिन-रेप्लिकेटरने नव्या प्लेटमध्ये, कॅनामायसिनशिवाय, दोन तास वाढ, मग दहा पेशींमागे एक फेज, आणि ओडी पाच तास. न फुटणाऱ्या खाचा एवढ्यातच लक्षात येतात. पण मुळात सावकाश वाढणारे म्युटंट उशिरा फुटतात आणि खोटा इशारा देतात, म्हणून फेज न घातलेली जोडप्लेट हवी. रात्रभर ठेवलं तर जवळपास प्रत्येक खाचेत आयते प्रतिरोधक म्युटंट उगवून येतात आणि निकाल वाया जातो.

२००६ मध्येच टी-७ वर अशी चाळणी झाली. त्यात लिपोपॉलिसॅकराइड बनवणारी नऊ जनुकं मिळाली, टीआरएक्स-एसारखी आधी माहीत असलेली पुन्हा दिसली आणि सीएमके नव्याने सापडलं. आपल्या टी-७ चाळणीत डब्ल्यूएए आणि टीआरएक्स-ए आले नाहीत तर नव्या जनुकाच्या आनंदात पडण्याआधी चाळणी तपासा.

या संग्रहाच्या दोन आंधळ्या जागा. ज्यांच्याशिवाय पेशी जगत नाही अशी सुमारे ३०० जनुकं त्यात नाहीत, त्यामुळे ग्रो-ईएल कधीच दिसणार नाही. तिथे जनुक न काढता दाबणारी क्रिस्पर पद्धत लागते. आणि जे जनुक *असल्यामुळे* फेज अडतो ते काढून काहीच दिसत नाही, कारण चाळणीतला फेज मूळ स्ट्रेनवर आधीच चालत असतो. त्यासाठी उलट दिशेने, जनुक जास्त बनवून बघावं लागतं.

रुग्णांकडून आलेल्या स्ट्रेनमध्ये ही दुसरी बाजू मोठी होते. के-१२ मध्ये ओ-प्रतिजन (लिपोपॉलिसॅकराइडची बाहेरची साखळी) तुटलेलं आहे आणि आवरण सहसा नसतं. तिथे ही दोन्ही असतात आणि के-१२ चे फेज त्यांच्यापाशीच अडतात. शिवाय संरक्षक जनुकं जीनोममध्ये एकाजवळ एक गटाने राहतात. २०१८ मध्ये अशा शेजारातून झोर्या, थोएरिस, गॅबिया, ड्रुआंशिया अशा अनेक नव्या यंत्रणा ओळखल्या गेल्या. डिफेन्सफाइंडर किंवा पॅडलॉक हे प्रोग्रॅम जीनोमवर चालवले की काही मिनिटांत यादी मिळते. यादीत यंत्रणा दिसली म्हणजे ती आपल्या फेजविरुद्ध चालतेच असं नाही. के-१२ मध्येच क्रिस्पर ही संरक्षक यंत्रणा आहे, पण एच-एनएस प्रथिन ते दाबून ठेवतं. यादीतली प्रत्येक यंत्रणा तिच्या स्वतःच्या प्रमोटरसकट के-१२ मध्ये घाला आणि दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा : थेंब, ईओपी, अधिशोषण, आणि कमी-जास्त फेजचा आलेख.